पाटाचं पाणी आणि हवेचा पारा

हैदराबादमध्ये तारनाक्याहून उप्पलकडे निघालं की थोड्याच अंतरावर मुसी नदीचा काठ लागतो. रामंतापूर, पीरझादिगुडा या भागात शहराच्या सांडपाण्यावर म्हशींच्या चाऱ्यासाठी पॅरागवत पिकवलं जात आलं आहे. मे महिन्यात अशा ओल्या शेतात पायाखालची माती गार लागते, पण अंगावरचा घाम काही वाळत नाही. पाणी आणि हवामान यांच्याबद्दलचे निम्मे गैरसमज इथेच सुरू होतात.

गैरसमज : ओलित वाढलं की उकाडा कमी होतो.

तापमान कमी होतं, हे खरं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे साडेचोवीस लाख ज्यूल उष्णता लागते. भाताच्या एका एकरातून दिवसाला 5 मिलिमीटर पाणी उडालं, तर ते होतं जवळपास वीस हजार लिटर. त्यासाठी लागणारी उष्णता तेरा-चौदा हजार युनिट विजेइतकी भरते! एरवी हीच उष्णता माती आणि हवा तापवण्यात गेली असती.

पण ती नाहीशी झालेली नसते, बाष्पात दडलेली असते. शिवाय गार जमिनीवरच्या हवेचा थर फारसा वर चढत नाही, त्यामुळे दमटपणा खालीच कोंडून राहतो. गांधीनगरच्या आयआयटीतील विमल मिश्रा आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये दाखवलं, की सिंधू-गंगेच्या मैदानात सिंचनामुळे जमीन सुमारे 1 अंशाने आणि हवा अर्ध्या अंशाने गार होते, पण दमट उष्म्याचा ताण मात्र वाढतो. उन्हात रोवणी करणाऱ्या बाईला पारा किती उतरला याच्याशी कर्तव्य नसतं. तिचा घाम वाळतो का, एवढंच तिच्या शरीराला कळतं.

दोनच वर्षांनी मुंबईच्या आयआयटीतील सुबिमल घोष, अर्पिता मोंडल यांच्या गटाने याला हरकत घेतली. त्यांच्या मते, मान्सूनपूर्व महिन्यांत त्या मैदानातल्या बहुतेक शेतांना पाणी दिलंच जात नाही, म्हणून त्या काळातल्या उष्म्यावर सिंचनाचा परिणाम मर्यादित असतो. मला ही हरकत वजनदार वाटते. ओलिताखालचं क्षेत्र किती हे नकाशावर दिसतं. पाणी कोणत्या महिन्यात सोडलं, हे त्यात दिसत नाही. तेलंगणातही 'यासंगी' (रब्बी) भात कापला की खाचरं कोरडी पडतात, आणि खरा उन्हाळा त्यानंतर तापतो.

गैरसमज : इथली वाफ इथेच पाऊस होऊन पडते.

ढग वाऱ्याबरोबर जातात. वाफ कोणाच्या बांधावरून उठली याचा हिशेब ते ठेवत नाहीत. आपल्या मान्सूनचं बरंचसं बाष्प समुद्रावरून येतं. जमिनीतून उडालेलं पाणी पुन्हा पावसात येतं हे खरं, आणि गंगेच्या खोऱ्यात मोसमाच्या अखेरीस हा वाटा पावसाच्या चौथ्या हिश्शापर्यंत जातो. पण तो तिथला आणि त्या काळापुरता. उलट ओली, गार झालेली जमीन समुद्र आणि भूमी यांच्या तापमानातला फरक कमी करते, आणि मान्सूनचा जोर तर त्या फरकावर उभा. 2016 च्या एका प्रारूप-अभ्यासात दक्षिण आशियातल्या सिंचनाचं बाष्प पूर्व आफ्रिकेत पाऊस होऊन पडताना दिसलं. म्हणजे बोअर आपली, वीजबिल आपलं आणि सर दुसऱ्याच्या रानात.

गैरसमज : शेताला दिलेलं सगळं पाणी हवेत जातं.

याचं उत्तर तारनाक्याच्या शेजारीच, उप्पल रोडवरच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत शोधलं गेलं. तिथल्या भारतीय-फ्रेंच भूजल केंद्राने हैदराबादच्या दक्षिणेला महेश्वरम इथलं सुमारे 53 चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र वर्षानुवर्षं मोजलं. ग्रॅनाइटचा खडक, बोअरचं पाणी आणि भात. भाताला उपसून दिलेल्या पाण्यापैकी जवळपास निम्मं मुरून पुन्हा भूजलात जातं, असं तिथे आढळलं. हवेवर परिणाम होतो तो उरलेल्या, उडणाऱ्या पाण्याचाच. ठिबकने मुरणं कमी होतं, उघड्या मातीवरचं बाष्पीभवनही घटतं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर भिजवला, तर एकूण वाफ वाढूही शकते.

गैरसमज : हा गारवा म्हणजे तापमानवाढीवरचा कायमचा उतारा.

कृष्णेचं खोरं पाहा. महाबळेश्वरला उगम, सांगली-कोल्हापूरचा ऊस, पुढे नागार्जुनसागरचे कालवे; मुसीही शेवटी वाडपल्लीला तिलाच मिळते. ट्रेंट बिग्ज आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये या खोऱ्याचा अभ्यास करताना सिंचनाबरोबर हवेतल्या धुरकट कणांनी अडवलेलं ऊनही हिशेबात धरलं. दोन्ही गोष्टी जमिनीवरचा ताप झाकतात, त्यामुळे सगळं श्रेय पाटाच्या पाण्याला देता येत नाही. आणि पाणी तरी कुठे हुकमी आहे? 2001 ते 2004 च्या दुष्काळात कृष्णेचं पाणी समुद्रापर्यंत जवळपास पोचलंच नाही, नागार्जुनसागरच्या कालव्यांनाही तूट पडली. म्हणजे गारवा हवा होता, नेमकं तेव्हाच शेतात उडायला पाणी नव्हतं.