नदीची नक्कल, नकलेची पारख

सिंहगडाकडे जाताना खडकवासला धरणाच्या खालच्या अंगाला एक विस्तीर्ण सरकारी आवार लागते. पुण्यातल्या बहुतेकांनी ते बाहेरूनच पाहिलेले असते. पाटीवर ‘केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र’ असे भारदस्त नाव आहे. बोलण्यात मात्र सगळे ‘सीडब्ल्यूपीआरएस’च म्हणतात. आत प्रचंड मोठ्या शेड आहेत आणि त्या शेडमध्ये नद्या. गेल्या शतकात इथे सिंधू वाहिली, हुगळी वाहिली, कोसीने पात्र बदलून दाखवले आणि मुंबई बंदरात भरती-ओहोटी झाली. हे सारे छोट्या प्रमाणात, सिमेंट-वाळूच्या पात्रांत घडले. या कामासाठी पाणी लांबून आणावे लागत नाही, कारण धरण डोक्यावरच आहे.

संस्थेचा जन्म मात्र पुरातून झाला नाही. तो शेतातून झाला. दख्खनच्या कालव्यांनी ऊस आणला, पण पाण्याचा निचरा न झाल्याने जमिनी पाणथळ होऊ लागल्या, मीठ फुटू लागले आणि नीरेच्या पट्ट्यातली चांगली काळी रानेही चोपण झाली. त्यावर उपाय शोधण्यासाठी मुंबई सरकारने 1916 साली विशेष पाटबंधारे विभाग सुरू केला. क्लॉड इंग्लिस या आयरिश अभियंत्याने हे काम हाती घेतले आणि पुढची तीस वर्षे या संशोधनाचा कणा तोच राहिला. कालव्याचा अभ्यास करायचा तर त्यातल्या गाळाचा करावा लागतो आणि गाळाचा करायचा तर तो जिथून येतो त्या नदीचा. अशा रीतीने निचऱ्याच्या प्रश्नापासून निघालेला हा विभाग नदीच्या पात्रात उतरला. 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात तो केंद्र सरकारकडे गेला आणि देशभरच्या नद्या त्याच्या दारी आल्या.

नदीची प्रतिकृती करायची कल्पना खडकवासल्याची नव्हे. मँचेस्टरमध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने 1880च्या दशकातच मर्सी नदीच्या मुखाची प्रतिकृती करून तिच्यात भरती-ओहोटी खेळवली होती. पण प्रतिकृती करणे आणि तिच्यावर भरवसा ठेवणे यांत फार अंतर आहे. कारण प्रत्येक प्रतिकृती कुठेतरी खोटे बोलते. खडकवासल्याची खरी विद्या ती कुठे खोटे बोलते हे ओळखण्याची आहे.

पहिला पेच मापाचा. समजा, दीड-दोन किलोमीटर रुंदीची नदी 1:400 या प्रमाणात शेडमध्ये बसवली. रुंदी चार-पाच मीटर झाली, ते ठीक. पण चार मीटर खोल पाणी एक सेंटिमीटरवर आले. एवढ्या पातळ थरात पाणी नदीसारखे वागतच नाही; त्याचा चिकटपणा आणि पृष्ठताण डोके वर काढतात. म्हणून अभियंते जाणूनबुजून नदी विद्रूप करतात. रुंदी 1:400 ठेवतात, खोली 1:80. आता तेच पाणी पाच सेंटिमीटर खोल झाले. पण याची किंमत मोजावी लागते. उतार पाचपट तीव्र होतो आणि पाणी नको तितके धावू लागते. मग त्याला आवरायला तळावर खडी पसरतात, जाळी अंथरतात, कुठे उभ्या सळ्या रोवतात.

वेग, वेळ आणि विसर्ग यांचे नाते गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने ठरते. वर सांगितलेल्या प्रमाणात वेग खोलीच्या प्रमाणाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे नऊपट, कमी होतो आणि घड्याळ जवळपास 45 पट वेगाने धावते. बारा तास पंचवीस मिनिटांचे भरती-ओहोटीचे चक्र 17 मिनिटांत पुरे होते, चार महिन्यांचा पावसाळा पावणेतीन दिवसांत. दहा लाख क्युसेकचा महापूर साडेतीन क्युसेकवर, म्हणजे सेकंदाला सुमारे शंभर लिटरवर येतो.

गाळ मात्र या घड्याळाला जुमानत नाही. वाळूचा कण 400 पटींनी बारीक केला तर ती वाळू राहत नाही, चिखलासारखे चिकट पीठ होते. म्हणून कोळशाची भुकटी किंवा लाकडाचा भुसा असा हलका माल वापरतात. तो किती काळात किती सरकतो हे सूत्राने नव्हे, तर पडताळून ठरवावे लागते. त्यामुळे कुठलाही नवा प्रश्न विचारण्याआधी प्रतिकृतीची परीक्षा होते. मागच्या एखाद्या पुरात प्रत्यक्ष नदीवर नोंदलेल्या पाणीपातळ्या, धारेची दिशा, खरवडलेले काठ हे सारे तिने आधी हुबेहूब करून दाखवायचे. जी नदी कालचे सांगू शकत नाही, तिला उद्याचे विचारत नाहीत.

या पद्धतीचा कस सिंधूवर लागला. सक्करचे लॉइड बॅरेज 1932 साली सुरू झाले, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. बॅरेजमधून सात कालवे निघाले, डाव्या काठाला चार आणि उजव्याला तीन. उजवे कालवे गाळाने भरू लागले. याचे कारण वळणात दडलेले होते. चहाच्या पेल्यात चमचा फिरवला की पत्ती कडेला न जाता मध्यभागी गोळा होते. आइन्स्टाइनने 1926 साली याच निरीक्षणावरून नद्यांच्या वळणांविषयी लिहिले होते. नदीच्या वळणावरही तसेच घडते. वरचे स्वच्छ पाणी बाहेरच्या काठाकडे झेपावते आणि तळचे गाळाळ पाणी आतल्या काठाकडे सरकते. आतल्या बाजूला तोंड असलेला कालवा म्हणूनच गाळ पितो. खडकवासल्याच्या प्रतिकृतीवर प्रयोग करून इंग्लिस यांनी उलटा डाव टाकला. नदीतच उजव्या कालव्यांकडे नेणारी वळणदार वाट अशी आखली, की कालव्यांची तोंडे वळणाच्या बाहेरच्या बाजूस यावीत. म्हणजे गाळाला अडवण्याऐवजी त्याला नदीच्याच स्वभावाने दूर लोटायचे.

स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 मध्ये, ब्रिटनने स्वतःची जलसंशोधन संस्था उभारायला घेतली, तेव्हा तिचा पहिला संचालक म्हणून इंग्लिस यांनाच नेमले. वॉलिंगफर्डची ती प्रयोगशाळा पुढे जगभर नावाजली. खडकवासल्याचे तीस वर्षांचे शहाणपण त्यांच्यासोबत तिकडे गेले. इकडे त्याचा वारसा मराठी अभियंत्यांनी चालवला. संस्थेचे संचालक दि. वि. जोगळेकर यांनी नदीच्या वर्तनावर आणि नियंत्रणावर लिहिलेला ग्रंथ अभियंत्यांच्या हाताशी असायचा. गोळे आणि चितळे यांनी 1966 साली कोसीवर प्रसिद्ध केलेला निबंध आजही उद्धृत होतो. सव्वादोनशे वर्षांत कोसी शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकली. नदी लहरी आहे, असे म्हणून ते थांबले नाहीत. हिमालयातून उतरताना ती गाळाचा पंखा पसरत जाते, एक बाजू उंच झाली की सखल बाजूला घसरते, हा त्यामागचा क्रम त्यांनी मांडला. पुढे तटबंदीत जखडलेल्या या नदीने 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळमधल्या कुसहा येथे बांध फोडला आणि जुन्या पूर्वेकडच्या वाटांनी बिहारात शिरली. गाळ वाहणाऱ्या नदीला दोन बांधांत कोंडले, की तिचा तळ उंचावत जातो.

समुद्राचे हिशेब आणखी चमत्कारिक. लाटरोधक बांधाची चाचणी लाटा उठवणाऱ्या लांब हौदात होते. प्रमाण 1:50 असेल तर वजन घनाने घटते, म्हणून आठ टनांचा काँक्रीटचा टेट्रापॉड जेमतेम 64 ग्रॅमचा होतो. त्याच्यावर तासन्‌तास लाटा आदळवतात आणि किती नग हलले, किती निसटले ते मोजतात. मुंबईपासून कोचीनपर्यंतच्या बंदरांत गाळ कुठे साठेल आणि उपसा किती लागेल, याची उत्तरेही इथेच शोधली गेली. 1971 पासून संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-प्रशांत आयोगाने संस्थेला प्रादेशिक प्रयोगशाळेचा दर्जा दिला आहे.

आता बरीचशी नदी संगणकातच वाहते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी मुंबईकरांना पहिल्यांदा दिसली. त्यानंतर मिठीचा अभ्यास याच संस्थेने गणिती प्रतिकृतीवर केला. माहीमच्या खाडीत भरती असताना वरून येणारे पाणी जाणार कुठे, पात्र किती रुंद आणि खोल हवे, हे असे प्रश्न आकड्यांत झटपट तपासता येतात. पण संगणकही आपल्या परीने खोटे बोलतोच. तळाचा खडबडीतपणा किती धरला, पुलाच्या खांबांशी काय घडते, याबाबत त्यालाही कालच्या पुराची परीक्षा द्यावीच लागते. म्हणून अवघड जागी सिमेंटची नदी अजून लागते.

आणि ही परीक्षा कशावर घेतात? पुलाखालच्या पट्टीवर पहाटे तीन वाजता कुणीतरी वाचलेल्या पातळीवर, बोटीतून मोजलेल्या वेगावर, जिद्दीने सांभाळलेल्या वह्यांवर. जिथे या नोंदी नाहीत, तिथे कितीही देखणी प्रतिकृती उभारली तरी ती अंदाजच राहते. छोट्या शहरी नद्या-नाल्यांची तर बहुधा हीच गत असते. पूर येऊन गेल्यावर भिंतीवरचे डाग पाहून पातळी ठरवावी लागते.

दुसरी मर्यादा प्रयोगशाळेच्या हातातली नाही. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. पात्र इतके रुंद हवे, हे ती सांगेल. तिथल्या भिंती, झोपड्या, गाळे आणि रस्ते हलवणे तिच्या कक्षेत नाही. सक्करलाही वळणाचा विचार कालवे गाळाने भरू लागल्यावर झाला. तोच प्रयोग बॅरेजच्या आराखड्याआधी झाला असता, तर कालव्यांची तोंडे कागदावरच हलवता आली असती आणि त्याला काही आठवड्यांचे पाणी आणि वाळू पुरली असती. खडकवासल्याला प्रश्न केव्हा विचारला जातो, यावर त्याच्या उत्तराची किंमत ठरते. शंभरहून अधिक वर्षांच्या या कामातून धोरण ठरवणाऱ्यांनी एकच गोष्ट घ्यायची असेल, तर ती ही: जागा ठरण्याआधी नदीला विचारावे.