किल्लारी : वस्ती, हवामान आणि घर

लातूर शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, औसा तालुक्यात, तेरणा नदीच्या खोऱ्यात किल्लारी हे गाव वसलेले आहे. १९८२ साली लातूर जिल्हा निर्माण होण्यापूर्वी हा भाग उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोडत असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने किल्लारीचे नाव जगभर पोहोचले. त्या पहाटे जे घडले, त्याचे कारण केवळ भूगर्भात शोधून चालणार नाही. गावची लोकवस्ती, तेथील हवामान आणि घरांची बांधणी या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या, तरच त्या हानीचा उलगडा होतो.

दाट गावठाण

जनगणनेच्या व्याख्येनुसार नगर ठरण्यासाठी किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० व्यक्ती आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरील व्यवसायात, अशा तीन अटी आहेत. भूकंपापूर्वीच्या किल्लारीत दहा हजारांहून अधिक लोक राहत होते. बाजारपेठ, शाळा यांमुळे आसपासच्या खेड्यांचा तेथे राबता असे. परंतु गावाचा प्रपंच चालत होता तो काळ्या जमिनीवरच. काळी पिकासाठी आणि पांढरी वस्तीसाठी, ही जुनी वाटणी होती. कुटुंबे वाढली, तरी पांढरी तेवढीच राहिली. साहजिकच वाड्यांच्या वाटण्या झाल्या, घराला घर लागले आणि गल्ल्या अरुंद होत गेल्या.

उन्हावरचा उपाय

येथील हवा कोरडी आहे. वर्षाचा पाऊस सरासरीने ७०० ते ८०० मिलिमीटर पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा हवेत काळ्या दगडाच्या, दोन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद हाच राहणीचा सोयीचा मार्ग होता. दुपारचे ऊन जाड भिंतीतून आत येईपर्यंत संध्याकाळ होई. माळवदावरील मातीचा थर छप्पर तापू देत नसे. दगड शिवारात मिळे, माती गावाजवळ मिळे आणि बांधणारे हातही गावातलेच असत. सिमेंट विकत घेणे ज्यांना परवडत नसे, त्यांना हे घर परवडत असे.

या घराचा दोष त्याच्या गुणातच दडलेला होता. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या दगडांना एकत्र बांधून धरणारे लांब दगड क्वचितच घातलेले असत. मधली पोकळी लहान दगडांनी व मातीने भरली जाई. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पसरली जाई आणि वर्षागणिक छताचे ओझे वाढत राही.

ती पहाट

ऑक्टोबर १९९२ पासून किल्लारीला लहान हादरे जाणवत होते. तथापि त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले. उन्हाळा असता, तर पुष्कळशी माणसे अंगणात वा माळवदावर निजली असती. परंतु पावसाळा संपला नव्हता, त्यामुळे बहुतेक सारे घरात होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. भिंतींचे दोन्ही पदर फुटून ढासळले आणि दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली कुटुंबेच्या कुटुंबे गाडली गेली. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. अनेक ठिकाणी लाकडी खांब व तुळया उभ्याच राहिल्या. मात्र त्यांचा भिंतींशी सांधा नसल्याने त्या भिंतींना सावरू शकल्या नाहीत.

नवी घरे, नवे प्रश्न

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. किल्लारी त्यांपैकीच एक होय. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. रुंद रस्ते आणि सुटे भूखंड यांमुळे नव्या गावठाणांचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढले. घरे भक्कम झाली. परंतु पातळ भिंती व काँक्रीटचे छत उन्हाळ्यात तापू लागले. पुष्कळ कुटुंबांनी घरापुढे पत्र्याचे छप्पर टाकून स्वयंपाक व बसणे-उठणे तेथे नेले. दगडी भिंतीची धास्ती इतकी खोल होती, की पत्र्याखालचा उकाडा लोकांनी पत्करला.

ग्रामपंचायतींनी काय करावे

२००२ साली भूकंप-नकाशा सुधारण्यात आला आणि लातूर परिसर तिसऱ्या विभागात आला. तथापि नकाशा बदलल्याने जुनी घरे बदलत नाहीत. मराठवाड्यात आजही दगडमातीची घरे आहेत. ती सर्व पाडणे शक्य नाही आणि तशी आवश्यकताही नाही. भारतीय मानकांनुसार अशी भिंत ४५ सेंटिमीटरहून जाड नसावी. उंचीत दर ६० सेंटिमीटरला व लांबीत दर १.२ मीटरला आरपार दगड घालावा. दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींना वेढणारा सलग पट्टा असावा. माळवदावरील जादा माती उतरवून ओझे हलके करावे. काँक्रीटच्या घरांना छतावर चुन्याची सफेदी, समोरासमोर खिडक्या आणि अंगणात झाड, एवढ्या उपायांनीही उन्हाळा सुसह्य होतो.

लोकसंख्या, घरे आणि हवामान यांची माहिती दप्तरात वेगवेगळ्या रकान्यांत भरली जाते. प्रत्यक्षात मात्र ती एकाच छपराखाली नांदत असते. घराला परवानगी देताना ग्रामपंचायतीने आणि गावचा भूगोल शिकविताना शिक्षकाने दोन प्रश्न विचारावेत : हे घर वैशाखात राहण्याजोगे आहे काय आणि जमीन हादरली तर ते उभे राहील काय? जुन्या घराने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते, नव्या घराने दुसऱ्याचे दिले. दोन्ही प्रश्नांना पुरे पडणारे घर बांधणे, हाच किल्लारीचा धडा आहे.