कमाल कशाची? इंद्रायणीचे पाणी आणि अवकलनाचे गणित

तळेगाव दाभाड्याजवळून वाहणारी इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते आणि भीमेला मिळून पूर्वेकडे जाते. निदान नकाशा तसे सांगतो. वळवण, लोणावळा, शिरवता या टाटांच्या धरणांत अडलेले पाणी मात्र उलट्या दिशेला, घाटाखाली खोपोलीत उतरते, वीज करते आणि पाताळगंगेच्या वाटेने कोकणात जाते. १९१५ साली ते वीजकेंद्र सुरू झाले. आमच्या क्रमिक पुस्तकांत 'मॅक्सिमा-मिनिमा' म्हटले की अजून तारेचे कुंपण आणि पत्र्याचा डबाच येतो. खोपोली इतकी जवळ असताना हे थोडे लाजिरवाणे आहे.

तिथली उतरण ५०० मीटरांहून अधिक. घर्षण सोडून दिले तर तोटीतून सुटणाऱ्या धारेचा वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. ही धार पेल्टन चाकाच्या कडेच्या जोडवाट्यांवर आदळते आणि जवळजवळ उलटी फिरते. आता वाटी किती वेगाने पळावी? स्थिर राहिली तर धक्का जबर, पण काम शून्य. धारेइतक्याच वेगाने पळाली तर धक्काच लागत नाही. धारेचा वेग 'व' आणि वाटीचा 'क' धरला, तर शक्ती क(व−क) या गुणाकाराच्या प्रमाणात असते. 'क'च्या संदर्भात तिचा अवकलज व−२क. तो शून्य केला की क = व/२. दुसरा अवकलज ऋण, म्हणून ही कमालच, किमान नव्हे. धारेच्या निम्म्या वेगाने वाटी पळाली की पाणी आपली सगळी गती चाकाला देते आणि निपचित खाली पडते. प्रत्यक्षात वेग निम्म्याहून जरा कमी ठेवतात, कारण चाकाच्या वेगाबरोबर घर्षणही वाढत जाते.

कमालीच्या ठिकाणी बदलाचा दर शून्य होतो, ही जाण आपल्याकडे जुनी. भास्कराचार्यांनी ११५०च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाचे फल (मध्यम स्थानापासूनचा फरक) सर्वाधिक असते तिथे गतिफल (त्या फरकाच्या बदलाचा दर) नाहीसे होते, हे नोंदवले. त्यावरून त्यांनी अख्खे कलनशास्त्र रचले असे म्हणणे मात्र मला अतिशयोक्ती वाटते. सार्वत्रिक पद्धत सतराव्या शतकात फर्मा, न्यूटन, लायब्निट्स यांच्या हातून आली.

खरी गंमत नळात आहे. घाटातल्या नळातून जास्त पाणी सोडावे तर घर्षणात उंची वाया जाते, आणि ती साधारण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. उंची 'उ', प्रवाह 'प', नळाचा स्थिरांक 'स' धरला, तर शक्ती प(उ−सप²) हिच्या प्रमाणात. अवकलज उ−३सप². म्हणजे एकतृतीयांश उंची घर्षणात घालवली की शक्ती कमाल! हे उत्तर अचूक आहे आणि खोपोलीत निरुपयोगी. तलाव चार महिन्यांत भरतो आणि वर्षभर पुरवावा लागतो. तिथे या क्षणाची शक्ती नव्हे, तर प्रत्येक घनमीटर पाण्यामागे मिळणारी वीज वाढवायची असते. मग नळ रुंद घ्यावा लागतो. त्याचा खर्च वाढतो, आणि नळाची किंमत व वाया जाणारी वीज यांच्या बेरजेचे किमान शोधण्याचे नवेच गणित उभे राहते.

कशाचे कमाल काढायचे, हे अवकलन सांगत नाही. शेजारच्या मुळशीत टाटांच्याच पुढच्या धरणाविरुद्ध १९२१ साली शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसले. विजेच्या समीकरणात त्यांच्या बुडणाऱ्या भातखाचरांना पदच नव्हते.

भीमेचे पाणी शेवटी कृष्णेचे, म्हणून पुढे कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटांनी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला मर्यादा घातली. त्यामुळे गणिताचा प्रकारही बदलला. मोकळ्या टेकडीच्या माथ्यावर चढ संपतो. कुंपणाने अडवलेल्या चढावर सर्वांत उंच जागा कुंपणालगत असते आणि तिथे चढ शिल्लकच असतो. धरणांतून वर्षभरात मिळणाऱ्या एकूण विजेचे कमाल असे कुंपणालगतचे आहे. तिथे अवकलज शून्य नाही, धन आहे: आणखी एक घनमीटर पाणी घाटाखाली सोडले तर आणखी वीज होईल, पण ते सोडता येत नाही.