चर्चिल असं म्हणालाच नव्हता!

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. स्वातंत्र्य मिळालं तर भारताची सत्ता बदमाशांच्या हाती जाईल, असं म्हणे विन्स्टन चर्चिल म्हणाला होता. खाली धडाधड अंगठे. मीही अंगठा देणार होते, पण पत्रकाराची खोड! शोधाशोध केली, तर चर्चिलच्या नोंदवलेल्या भाषणांत हे वाक्य सापडतच नाही.

मग म्हटलं, या माणसाबद्दल आपल्याला आणखी काय काय 'माहीत' आहे?

किनाऱ्यांवर लढण्याचं ते गाजलेलं भाषणच घ्या. आख्खं ब्रिटन रेडिओला कान लावून चर्चिलला ऐकतंय, हे चित्र आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय. प्रत्यक्षात ४ जून १९४० ला तो बोलला पार्लमेंटमध्ये. रात्री बीबीसीच्या निवेदकाने त्यातले उतारे वाचले. त्याच्या आवाजातलं रेकॉर्डिंग झालं थेट १९४९ मध्ये!

म्हणजे हीरोगिरी सगळी खोटी? तसंही नाही. मे १९४० मध्ये त्याच्याच मंत्रिमंडळात तडजोडीची चाचपणी करावी असा सूर निघाला, तेव्हा तो ठाम राहिला. हे खरंच.

पण त्याच माणसाने भारतीयांबद्दलचा तिरस्कार बोलून दाखवल्याची नोंद भारतमंत्री लिओ अमेरींच्या १९४२ च्या डायरीत आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसं गेली. जपानने ब्रह्मदेश घेतल्याने तांदूळ थांबला होता, त्यात वादळ आणि साठेबाजी. तरी धान्यासाठी जहाजं मागितली, तेव्हा लंडनने वारंवार हात आखडता घेतला. एप्रिल १९४४ मध्ये चर्चिलने अमेरिकेकडे जहाजं मागितली खरी, पण नकार मिळाला. त्याचा दोष किती, यावर इतिहासकार आजही भांडतात.

मला खटकलं ते वेगळंच. खोटं वाक्य दरवर्षी फिरतं, कारण त्याच्या आडून आपल्याच नेत्यांना शिव्या घालता येतात. बंगालमधली ती लाखो माणसं मात्र कुणाच्याच फॉरवर्डमध्ये नसतात.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मामाचा लगेच रिप्लाय, "अगं, पण पटतं ना?"

"मामा, आपल्याला पटलं म्हणून तो तसं म्हणाला, असं होत नाही ना!"

यंदा अंगठा एकच आला. आजीचा.