कोर्टाची पायरी आणि गरीब माणूस

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ असा उपदेश आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. वेळ, पैसा आणि मनःस्वास्थ्य या तिन्हींचा तेथे व्यय होतो, हा त्यामागील अनुभव होय. परंतु पायरी चढावी की चढू नये, हे ठरविणे ज्याच्या हाती आहे त्याच्यापुरताच हा उपदेश खरा. ज्याला पोलीस तेथे घेऊन जातात, ज्याच्यापाशी वकिलाला देण्यास पैसा नाही आणि ज्याला जामीन राहण्यास कोणी माणूस नाही, त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाने कसे शोधले, ही हकीकत प्रत्येक कुटुंबाने जाणून घेण्यासारखी आहे.

बिहारच्या तुरुंगांतील कैदी

१९७७ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. नागपूरजवळील कामठी येथे जन्मलेले आणि सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख असलेले के. एफ. रुस्तमजी हे या आयोगाचे एक सदस्य होते. बिहारमधील तुरुंगांत त्यांना जे आढळले त्याविषयीचे त्यांचे लेख जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये प्रसिद्ध झाले. पाटणा व मुझफ्फरपूर येथील तुरुंगांत असे कितीतरी कच्चे कैदी होते की ज्यांचा खटला वर्षानुवर्षे उभाच राहिला नव्हता. गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा भोगावी लागली असती, तीहून अधिक काळ काहींनी गजांआड घालविला होता. काही स्त्रियांवर तर कोणताही आरोप नव्हता. साक्षीसाठी त्यांची गरज होती, म्हणून ‘संरक्षणा’च्या नावाखाली त्यांना तुरुंगात ठेवण्यात आले होते.

या माणसांना जामीन मिळू शकत नव्हता असे नाही. जामिनाची रक्कम भरण्याची त्यांची ऐपत नव्हती. अपराधापेक्षा दारिद्र्यच त्यांना अधिक भोवले होते.

एका वकील महिलेचे पाऊल

हे लेख दिल्लीतील वकील कपिला हिंगोरानी यांच्या वाचनात आले. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच न्यायालयात दाद मागावी, असा त्या काळी सर्वसाधारण नियम होता. परंतु कोठडीत असलेल्या माणसासाठी दुसऱ्या कोणालाही ‘हेबिअस कॉर्पस’चा अर्ज करता येतो. या मार्गाने त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ‘हुसैनारा खातून विरुद्ध बिहार राज्य’ या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे.

१२ फेब्रुवारी १९७९ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दिलेल्या आदेशात, खटला विनाविलंब चालणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. आरोपीचे घरदार, कामधंदा व गावाशी असलेले नाते पाहून, तो पळून जाण्याचा संभव नसेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडावे, असेही न्यायालयाने सांगितले. पुढे ९ मार्चच्या निर्णयात गरीब आरोपीस मोफत वकील मिळणे हा त्याचा हक्क ठरला. या खटल्यामुळे देशभरातील सुमारे ४०,००० कच्चे कैदी मुक्त झाले, असे मानले जाते. जनहित याचिकेची वाट येथूनच रुळली.

पुढे साधे पत्रही न्यायालयास पुरेसे वाटू लागले. तिहार तुरुंगातील एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाविषयी लिहिलेले पत्र न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे याचिका म्हणून आले. मुंबईतील महिला कैद्यांच्या हालांविषयी पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावर सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली निर्णय दिला. स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या असाव्यात, त्यांवर महिला पोलीस असाव्यात आणि अटक होताच कायदेविषयक साहाय्य देणाऱ्या समितीस कळवावे, असे त्यात सांगण्यात आले.

कायद्याने दिलेला आधार

गरिबांना न्याय सुलभ व्हावा यासाठी संविधानात अनुच्छेद ३९-अ हा १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आला. त्यानुसार १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अंमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, आपद्ग्रस्त आणि कोठडीतील व्यक्ती यांना सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. अल्प उत्पन्न असलेल्या इतरांनाही ही सोय आहे. जिल्हा न्यायालयात व तालुक्याच्या न्यायालयात यासाठी कार्यालये असून १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर विचारणा करता येते. लोकअदालतीत तडजोड झाल्यास भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते.

उरलेले काम

तथापि, कायदा झाला म्हणून काम संपले असे नाही. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते; त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार कैद्यांतील तिघांचा निकाल लागावयाचा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत यावर एक उपाय आहे. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला मुक्त करण्यासाठी तुरुंगाधिकाऱ्याने न्यायालयास अर्ज करावयाचा आहे. मृत्युदंडाचे वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना मात्र ही सवलत नाही.

ज्याच्यासाठी ही तरतूद आहे त्याला ती ठाऊक नसते, हीच खरी अडचण आहे. आपल्या घरी कामाला येणारी बाई, शेतावरील मजूर किंवा शेजारचे एखादे निराधार कुटुंब यांच्यावर असा प्रसंग आला, तर त्यांना एवढे तरी सांगता येईल की वकील मागण्यास पैसा लागत नाही. तालुक्याच्या न्यायालयापर्यंत त्यांच्याबरोबर जाणे आणि अर्ज लिहून देणे, हे कोणत्याही साक्षर माणसाला करता येण्यासारखे आहे. रुस्तमजींनी लिहिले, हिंगोरानींनी वाचले आणि दोघांनीही ते आपले काम मानले, म्हणून तुरुंगांची दारे उघडली. घरातील मुलामुलींना नागरिकत्वाचा धडा द्यावयाचा, तर याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.