जानव्याचें सूत व टकळी

श्रावणी आली कीं घरोघर नवीं जानवीं येतात. परंतु त्यांचें सूत कोणीं कातलें, हा प्रश्न आपल्या कुटुंबांतून आतां क्वचितच निघतो. पूर्वीं कित्येक घरांतील वडील मंडळी हें सूत टकळीवर स्वहस्तें कातीत. हल्लीं बाजारचें जानवें पुष्कळदां गिरणीच्या सुताचें असतें. ही विद्या आमच्या पिढीबरोबर घरांतून उठून जाऊं नये, एवढ्याकरितां हा लेख.

टकळी म्हणजे एक सडपातळ काडी, खालीं जड चकती व वर सूत अडकविण्यास आंकडी. कापसाचा तंतु आंखूड असल्यामुळें कोवळें सूत टकळीचें वजन पेलीत नाहीं. म्हणून नवशिक्यानें तिचें टोंक वाटींत टेंकवावें. उजव्या हाताच्या चिमटीनें तिला फिरकी द्यावी आणि डाव्या हातांतील पेळू, घट्ट न धरतां, हळूहळू वर ओढीत न्यावा. हात घाईनें गेला तर पीळ चढण्यापूर्वींच तंतु सुटतात; रेंगाळला तर फाजील पिळानें सुतास आढ्या पडतात. ओढ आणि पीळ यांचा मेळ साधणें, हेंच सारें कौशल्य. १९३७ सालच्या वर्धा येथील परिषदेनंतर जी मूलोद्योगी शिक्षणपद्धति आली, तींत टकळीस वर्गांत स्थान मिळालें होतें, हें वृद्ध वाचकांस स्मरत असेल.

जानव्याकरितां धागा चार बोटांभोंवतीं ९६ वेढे मोजून घेतात; रीतींत घराण्यागणिक थोडा भेद आढळतो. तीन पदर एकत्र पिळावयाचे, आणि त्या तिहेरी सुताचे पुन्हां तीन पदर उलट दिशेनें पिळावयाचे, म्हणजे नवतंतु सूत्र सिद्ध होतें. पहिला पीळ उलगडूं पाहतो, तोंच दुसरा त्यास आवळून धरतो. शास्त्रकारांच्या नियमामागें कारागिराचा असा अनुभव आहे.

आम्ही राहतों त्या शिरोली एमआयडीसींत बिडाच्या ओतशाळा आहेत. जवळच्या इचलकरंजीस यंत्रमागांचा खडखडाट आहे. येथें टकळीचें काय प्रयोजन, असें कोणी विचारील. अंगावरच्या वस्त्राकरितां तिची गरज उरली नाहीं, हें खरें. परंतु जें सूत्र आपण व्रत म्हणून धारण करतों, तें करण्याची कला घरांत कोणासच ठाऊक नसावी, हें शोभत नाहीं. याच तालुक्यांत पट्टण कोडोलीस लोकर कातून घोंगडीं विणणाऱ्यांची परंपरा आहे. हाताच्या विद्येंत ते आपले गुरु होत. त्यांच्याकडे विचारावयास जाण्यांत कसला कमीपणा?

येत्या श्रावणीपूर्वीं एक टकळी व चार पेळू घरांत आणावे. आजोबांनीं कातावें, नातवंडांनीं, मुलगे व मुली दोघांनींही, शेजारीं बसून शिकावें. सूत प्रथम जाडेंभरडें निघेल, परंतु तें आपल्या हातचें असेल.