जठराचा कमरपट्टा

मिताहाराचा उपदेश आम्ही वर्गात आजवर पुष्कळ केला. परंतु अतिस्थूलतेने ग्रासलेल्या माणसाची भूक केवळ उपदेशाने आवरत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. अशा रुग्णांसाठी डॉ. ल्युबोमीर कुझमाक यांनी १९८६ मध्ये अमेरिकेत सैल-घट्ट करता येणारा सिलिकोनचा पट्टा जठरावर बसविला. १९९३ मध्ये बेल्जियममध्ये डॉ. मितिकू बेलाच्यू यांनी तोच दुर्बिणीच्या साहाय्याने, मोठा छेद न घेता बसविला.

जठराच्या वरच्या भागाभोवती पट्टा आवळला की वर लहानशी पिशवी तयार होते. थोड्याच घासांत ती भरते आणि तृप्ती लवकर येते. त्वचेखाली ठेवलेल्या कुपीत सुईने क्षारजल घातले की पट्टा घट्ट होतो, काढले की सैल. जठर कापावे लागत नाही.

तथापि पट्टा सरकणे, जठरात रुतणे असे उपद्रव झाल्याने अनेकांना तो काढावा लागला. आज त्याचा वापर बराच घटला आहे. शिवाय सरबत, आइसक्रीम असे गोड पातळ पदार्थ त्यातून सहज निसटतात. पट्टा जठराला बांधता येतो, जिभेला नव्हे. म्हणून घरातील स्थूल व्यक्तीची थट्टा न करता सर्वांनीच आपले ताट बदलावे, एवढीच आमची विनंती.